सात परीक्षानळ्या आणि राणीच्या बागेतले पेंग्विन

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात पाहुण्यांना दिसतो तो रंगीत तक्ता आणि रबरबँडने बांधलेल्या परीक्षानळ्या. त्याआधी प्रयोगशाळेत काय काय झालं, ते सहसा कुणी विचारत नाही. परळच्या आमच्या शाळेतला हा किस्सा म्हणूनच सांगते.

‘प्राणी अंगातली ऊब कशी टिकवतात’ हा विषय मुलांना सुचला राणीच्या बागेमुळे. २०१६च्या जुलैत सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन भायखळ्याच्या या प्राणिसंग्रहालयात आले आणि २०१७च्या मार्चपासून त्यांतले सात लोकांना पाहायला मिळू लागले. मुलांनी पहिल्या तक्त्यावर हेच पेंग्विन बर्फात दाटीवाटीने उभे केले. तो तक्ता बदलायला लावला. हम्बोल्ट पेंग्विन पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. त्यांच्या चोचीच्या मुळाशी पिसं नसलेली गुलाबी कातडी असते, ती उलट जादा उष्णता बाहेर टाकायला. घोळक्याने थंडी काढतात ते अंटार्क्टिकातले एम्परर. त्यांचा नर पायांवर अंडं सांभाळत भर हिवाळ्यात उभा असतो. विणीच्या हंगामात त्याला जवळजवळ चार महिने उपास घडतो.

प्रयोगासाठी असाच घोळका केला सात परीक्षानळ्यांचा: मधे एक, भोवती सहा. शेजारी एक नळी एकटी. सगळ्यांत सारखंच गरम पाणी. मधली नळी सर्वांत उशिरा निवली आणि मुलं खूश झाली. तेवढ्यात आठवीतल्या एका मुलीने विचारलं, “बाई, ती मधे आहे म्हणून गरम राहिली, की तिथे सात नळ्यांचं पाणी आहे म्हणून?”

खरा प्रयोग इथून सुरू झाला. मुलांनीच तोड काढली: आणखी सात नळ्या घ्यायच्या, पण सुट्या, एकमेकींना न चिकटवता. पाणी तेवढंच, नळ्या तेवढ्याच. बदललं ते फक्त अंतर. एकत्र आल्यावर हवेला उघडा राहणारा पृष्ठभाग कमी होतो, हे पुस्तकातलं वाक्य त्या मांडणीतून मुलांना कळलं.

बाकी खटपट बारीकसारीक, पण तिच्याशिवाय आकड्यांवर भरवसा नाही. सगळे तापमापक आधी वितळत्या बर्फात बुडवून पाहिले, कारण दोन तापमापक एकच आकडा दाखवतील असं नाही. पंखा बंद. नळ्या बाहेरून कोरड्या पुसायच्या, नाहीतर ओल सुकताना वेगळाच थंडावा येतो. पाणी ओतण्याचा क्रम दर वेळी बदलायचा. शिवाय मुंबईची हवा! बाहेर तीस अंश असले की पाणी निवत जाईल तशी घट मंदावते आणि फरक पुसट होतो. म्हणून शाळेबाहेरच्या गोळेवाल्याकडून बर्फ आणला, थर्मोकोलच्या खोक्यात तळाशी पसरला, त्यावर जाळी ठेवली आणि जाळीवर नळ्या उभ्या केल्या.

एका मुलाने प्रयोगवहीत लिहिलं होतं, ‘नळी जेवत नाही.’ प्राणी अन्नातून सतत उष्णता तयार करतो, नळी ती नुसती गमावते. प्रयोगाची ही मर्यादा इतक्या नेमक्या शब्दांत मला मांडता आली नसती. ते वाक्य आम्ही तक्त्यावर मोठ्या अक्षरांत घेतलं.

शाळेच्या प्रदर्शनाला गेलात, तर टेबलामागच्या मुलांना एक प्रश्न जरूर विचारा: यात काय काय सारखं ठेवलंत? ज्यांनी प्रयोग स्वतः उभा केलाय, ती मुलं तुम्हाला लवकर सोडणार नाहीत.