झोल पडलेला सूर

‘वॉर्म’, ‘क्रीमी’, ‘फॅट’ हे शब्द आधी उरकून टाकू. ते कुठल्याही गिटार-अ‍ॅम्पला चिकटवता येतात. ‘चाइम’ला निदान पत्ता आहे: व्हॉक्सचा एसी-३०, वरच्या सुरांतली घंटेसारखी किणकिण, बीटल्सच्या सुरुवातीच्या रेकॉर्डी. फाटक्या आवाजालाही पत्ता आहे: १९६४ मध्ये डेव्ह डेव्हिसने छोट्याशा अ‍ॅम्पच्या स्पीकरचा कागद ब्लेडने चिरला, तेव्हा किंक्सच्या ‘यू रिअली गॉट मी’ला तो फाटका आवाज मिळाला. ‘क्रंच’वर सगळेच लिहितात, मी रजा घेतो.

माझा शब्द ‘सॅग’. गेली तीस वर्षं मी त्याला ‘झोल’ म्हणतो आणि मुंबईचे वादक हसतात. त्यांच्या लेखी झोल म्हणजे घोटाळा. सुंभाच्या बाजेवर कधी अंग टाकलेल्याला मात्र सांगावं लागत नाही. तार जोरात छेडली की पॉवर व्हॉल्व्ह एकदम जास्त करंट ओढतात, रेक्टिफायर व्हॉल्व्हला तेवढा पुरवठा झेपत नाही आणि व्होल्टेज क्षणभर खाली बसतं. आघाताची धार बोथट होते. मग तार विरत असताना व्होल्टेज सावरतं, म्हणून सूर मागाहून फुलल्यासारखा वाटतो. हे कानाआधी बोटांना कळतं. फेंडरच्या बासमनवरून बेतलेल्या मार्शल जेटीएम-४५ मध्ये असा रेक्टिफायर व्हॉल्व्ह होता. साठच्याच दशकात त्याच्या जागी सिलिकॉन डायोड आले. त्या आवाजाला लोक कौतुकाने ‘टाइट’ म्हणतात. मला फरशीवर निजल्यासारखं वाटतं.

ऐंशीच्या दशकात एका गणेशोत्सवात आमचा ऑर्केस्ट्रा होता. रोषणाई वाढत गेली तसं व्होल्टेज उतरलं, ट्यूबलाइट फडफडू लागल्या आणि माझा उसना अ‍ॅम्प असा मऊ बोलायला लागला की ऑर्गनवाल्याने मान वळवून पाहिलं. आम्हाला वाटलं, गेला कामातून. पुढे वाचनात आलं की गिटारवादक एडी व्हॅन हॅलन व्हेरिअ‍ॅक लावून मार्शलचं व्होल्टेज मुद्दाम ९० च्या आसपास आणायचा. अमेरिकेत घरात १२० येतं. त्याच्या ‘ब्राउन’ आवाजामागे हेही एक कारण. आमच्या मंडपाने ते फुकटात दिलं होतं.

एका विद्वानांनी मध्यंतरी लिहिलं की हे सगळे शब्द म्हणजे वाइन चाखणाऱ्यांची बडबड. त्यांनी एकदा मिरजेला जावं. तिथला कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर कानस धरून विचारतो, जवारी खुली हवी की बंद? उत्तराप्रमाणे त्याचा हात चालतो. आमचे शब्दही असेच होते, सोल्डरिंगचा वास असलेले. ‘झोल हवा’ म्हटलं की जुना मेकॅनिक काही न बोलता रेक्टिफायर बदलायचा.

परवा एका मुलाने लॅपटॉपवर मला ‘सॅग’ नावाचं बटण दाखवलं. दहापैकी सातवर होतं. सातवर का, विचारलं. म्हणाला, “काका, आधीपासून तिथंच होतं.”