आधी कंपनी, मग अर्ज

दापोलीच्या कृषी विद्यापीठात पीएचडी करणारी मुरुड-हर्णैकडची मुलं-मुली घरी आली की एक प्रश्न ठरलेला असतो : "सरकार म्हणे इंटर्नशिपचे पैसे देतं, तू भरलास का अर्ज?" विचारणाऱ्याने बातमी अर्धी वाचलेली असते आणि उत्तर देणाऱ्यानेही पुष्कळदा तेवढीच. उद्योगांबरोबर संशोधन करण्यासाठी पैसे मिळतात, हे खरं आहे. पण ते कोणाला, कोणाकडून आणि कशासाठी मिळतात, याबद्दल जो गोंधळ आहे तो निस्तरायला हवा.

"पंतप्रधानांची योजना आहे ना, तीच ही"

नावात 'पंतप्रधान' असलेल्या दोन योजनांची इथे गल्लत होते आणि एकीचा दुसरीशी काही संबंध नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये सुरू झालेली पंतप्रधान इंटर्नशिप योजना ही नोकरीचा अनुभव देणारी योजना. सुरुवातीच्या नियमांनुसार वय २१ ते २४, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत, मोठ्या कंपनीत बारा महिने काम आणि महिना ५,००० रुपये. तिथे पदव्युत्तर शिक्षण झालेल्यांना प्रवेशच नाही. म्हणजे एम.एस्सी. झालेल्या मुलीने या योजनेच्या पोर्टलवर रात्र घालवणं व्यर्थ आहे.

संशोधकांसाठी आहे ती दुसरी, पीएचडी करणाऱ्यांची पंतप्रधान फेलोशिप. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाखालच्या 'सर्ब' या मंडळाने ती उद्योगांच्या संघटनेला सोबत घेऊन आखली. आधी सीआयआयबरोबर, पुढे फिक्कीबरोबर. रचना सोपी आहे : फेलोशिपचा निम्मा भार सरकार उचलतं आणि निम्मा भागीदार कंपनी. वर्षाला जास्तीत जास्त शंभर जणांची निवड, तीही साऱ्या देशातून. आता सर्बची जागा २०२३च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानने घेतली आहे. त्यामुळे जुन्या संकेतस्थळाचा पत्ता आणि सीनियरने पाठवलेली जुनी पीडीएफ यांवर विसंबू नका. चालू वर्षाची जाहिरात उघडून वाचा.

विद्यापीठातल्या कँटीनमध्ये आणखी एक सरमिसळ ऐकू येते. बी.एस्सी. कृषीच्या शेवटच्या वर्षी मुलं गावात राहून शेतकऱ्यांबरोबर काम करतात आणि पुढे एखाद्या प्रक्रिया उद्योगात जातात. तो अभ्यासक्रमाचाच भाग असतो. त्याचं प्रमाणपत्र चांगलं, पण संशोधन इंटर्नशिपच्या अर्जात त्याला संशोधनाचा अनुभव म्हणून दाखवलंत तर तपासणारा हसेल.

"मार्क चांगले आहेत, मिळेलच"

गुण लागतात, पण ते दारापर्यंत नेतात. नेट-जेआरएफचे ३७,००० रुपये (जानेवारी २०२३पासूनचा दर) परीक्षा पास झालेल्याला मिळतात. तिथे तुम्ही आणि तुमचा निकाल एवढंच. उद्योगाशी जोडलेल्या फेलोशिपचं गणित वेगळं. तिथे आधी एक प्रश्न असतो, मग तो प्रश्न सुटावा म्हणून खिशात हात घालायला तयार असलेली कंपनी, मग तुमचा गाइड आणि त्यानंतर तुम्ही. आपली मुलं हा क्रम उलटा धरतात. आधी फॉर्म भरायला बसतात आणि 'भागीदार कंपनीचं नाव' हा रकाना आला की अडतात.

अटींचंही तसंच. पंतप्रधान फेलोशिपच्या नियमांत पीएचडीची नोंदणी होऊन चौदा महिन्यांहून जास्त काळ झालेला चालत नाही, अशी अट होती. कृषी विद्यापीठात सुरुवातीचा काळ कोर्सवर्क आणि सिनॉप्सिसमध्ये जातो. विषय पक्का होईपर्यंत घड्याळ पुढे गेलेलं असतं. म्हणून कंपनी शोधायची ती नोंदणीच्या आसपास, सिनॉप्सिस मंजूर झाल्यावर नव्हे. अटीपुढे जिद्द चालत नाही, हे मुरुडला नव्याने सांगायला नको. गावचे धोंडो केशव कर्वे सहावीच्या सार्वजनिक परीक्षेसाठी घाट चढून पायी साताऱ्याला गेले आणि सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. पुढे त्यांनी ती दिलीच. तुमच्या बाबतीत मात्र नोंदणीची तारीख मागे सरकणार नाही.

"कोकणात कुठली आलीये कंपनी?"

मला हा सगळ्यात घातक गैरसमज वाटतो, कारण तो मुलांना थेट मुंबई-पुण्याच्या मोठ्या नावांकडे ढकलतो. तिथे त्यांच्यासारखे शेकडो जण ई-मेल करून बसलेले असतात.

कोकणातले प्रश्न मोजा. हापूसचा साका घ्या. बाहेरून देखणा दिसणारा आंबा कापल्यावर आत पांढरट आणि आंबट निघतो. पल्प करणाऱ्याचं आणि निर्यात करणाऱ्याचं त्यात सरळ नुकसान. फळ न कापता साका ओळखायचा कसा, यावर क्ष-किरण आणि अवरक्त किरण वापरून प्रयोग झाले आहेत, पण गावोगावच्या पॅकिंग शेडमध्ये परवडेल असं साधन हे अजून काम आहे. काजूचं बघा. बी विकली जाते आणि तिच्या कित्येक पट वजनाचा बोंडू बागेत कुजतो. कोकमाचं आगळ आणि सरबत सगळे करतात. सालीतला रंग आणि आम्ल टिकवून विकणं हा वेगळा धंदा आहे. हर्णैच्या लिलावात न विकलेली बारीक मासळी आणि सोलल्यावर उरणारी कोळंबीची टरफलं यांचा विचार मत्स्य महाविद्यालयातल्या मुलांनी करावा.

विद्यापीठ आणि कंपनी यांची गाठ कोकणाला नवी नाही. हापूसला दरवर्षी मोहोर यावा म्हणून बागायतदार जे कल्टार वापरतात, ते रसायन कंपनीचं. इथल्या मातीत, झाडाच्या वयाप्रमाणे आणि पसाऱ्याप्रमाणे ते किती आणि केव्हा द्यायचं, हे दापोलीच्या कृषी विद्यापीठाने प्रयोगांतून सांगितलं. एक बाजू एकटी असती तर ते बागेपर्यंत पोचलं नसतं.

छोट्या कारखानदाराला वर्षानुवर्षं निम्मी फेलोशिप देणं जड जाईल, हे खरंच. पण निर्यातदार, यंत्र बनवणारा, खत-औषधं विकणारी कंपनी यांना तोच प्रश्न सतावत असतो आणि त्यांची ऐपत जास्त असते. रत्नागिरीतल्या कॅनिंगवाल्याकडे जायचं ते प्रश्न समजून घ्यायला. पैसे मागायला जायचं ते त्याला माल पुरवणाऱ्याकडे किंवा त्याचा माल उचलणाऱ्याकडे.

"कंपनी संशोधन हडप करेल, थिसिसही लिहू देणार नाही"

ही भीती अगदीच खोटी नाही, म्हणून घाईने झटकू नये. कंपनी, विद्यापीठ आणि विद्यार्थी यांच्यात लेखी करार होतो. हक्क कोणाकडे राहणार ते त्या कागदावर ठरतं, नंतर नाही. सही करण्याआधी तीन गोष्टी वाचा : पेटंटवर नाव कोणाचं, शोधनिबंध छापण्याआधी कंपनीला किती दिवस दाखवायचा, आणि थिसिसमधला कुठला भाग गोपनीय. पीएचडीचा प्रबंध सार्वजनिक ऑनलाइन भांडारात ठेवावा लागतो, त्यामुळे 'काहीच उघड करायचं नाही' असं कलम असेल तर विद्यापीठाच्या कार्यालयाला आधी विचारा.

आणि छापण्याची घाई करू नका. आपल्याकडे, मोजके अपवाद वगळता, आधी प्रसिद्ध झालेल्या गोष्टीला पेटंट मिळत नाही. तात्पुरता अर्ज दाखल केला की पूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळतात आणि तेवढ्या काळात निबंधही पाठवता येतो. परिषदेतल्या पोस्टरपायी पेटंट गेलं तर दोष कंपनीचा नसतो.

"परदेशात तर थेट बोलावून पैसे देतात"

देतात, पण तिथेही दार असंच आहे. कॅनडाची मिटॅक्स ही संस्था १९९९पासून विद्यापीठं आणि उद्योग यांना जोडते. तिची ग्लोबलिंक इंटर्नशिप पदवी करणाऱ्यांसाठी आहे, बारा आठवड्यांची, आणि ती प्राध्यापकाच्या हाताखाली असते. कंपनीबरोबरची अ‍ॅक्सलरेट योजना वेगळी. तिच्यासाठी आधी कॅनडातल्या विद्यापीठाशी जोडलेलं असावं लागतं आणि अर्ज विद्यार्थी, प्राध्यापक व कंपनी मिळून करतात. फ्रान्समध्ये १९८१पासून 'सिफ्र' नावाची पद्धत आहे. तिथे कंपनी विद्यार्थ्याला तीन वर्षांसाठी नोकरीवर घेते आणि सरकारचं अनुदान कंपनीच्या खात्यात जातं. युरोपच्या मारी क्युरी योजनेतल्या औद्योगिक पीएचडीत निम्मा काळ तरी विद्यापीठाबाहेर काढावा लागतो.

यातल्या कुठल्याही अर्जासाठी 'नोंदणी शुल्क' पाठवा म्हणणारा माणूस एजंट असो वा ओळखीचा, त्याला पैसे देऊ नका.

आता कंपनीकडे जायचं केव्हा? एप्रिल-मेमध्ये नक्कीच नाही. त्या दिवसांत कॅनिंगवाल्याला जेवायला फुरसत नसते. पाऊस लागला, बॉयलर थंड झाले की जा. सोबत बायोडेटाची फाइल नको, एक पान पुरे : प्रश्न काय, त्यात त्याचा किती माल वाया जातो (हा आकडा त्यालाच विचारून घ्या), तुम्ही काय करून बघणार, किती महिने लागतील आणि गाइड कोण. हे पान मराठीत लिहिलं तरी चालतं. इंग्रजी करार विद्यापीठाचं कार्यालय करेल.