वर्ल्ड चॅम्पियनशिप सोडून खेळाडू कॉलेजच्या स्पर्धेत का धावतात?

फेब्रुवारी २०२४. अमेरिकेतल्या फेएटव्हिल शहरात ख्रिस्तोफर मोरालेस विल्यम्स नावाचा १९ वर्षांचा पोरगा इनडोअर ट्रॅकवर ४०० मीटर धावला. वेळ लागला ४४.४९ सेकंद. इनडोअरमध्ये याआधी इतक्या कमी वेळात कुणीच धावलं नव्हतं. स्टार्टिंग ब्लॉक्स नियमात बसत नव्हते म्हणून वर्ल्ड रेकॉर्ड म्हणून त्याची नोंद झाली नाही, ही गोष्ट वेगळी.

पुढच्याच आठवड्यात, १ ते ३ मार्चला, स्कॉटलंडच्या ग्लासगोमध्ये वर्ल्ड इनडोअर चॅम्पियनशिप होती. तिथे ४०० मीटरचं गोल्ड बेल्जियमच्या अलेक्झांडर डूमने ४५.२५ सेकंदांत जिंकलं. मोरालेस विल्यम्स तिथे नव्हताच. तो दिसला त्याच्या पुढच्या आठवड्यात, बोस्टनमध्ये. तिथे त्याने ४४.६७ सेकंदांत फायनल मारली.

स्पर्धा कुठली? अमेरिकन कॉलेजांची.

आता तुम्ही म्हणाल, जगज्जेता व्हायची संधी असताना कॉलेजची स्पर्धा कोण खेळतं? तर विषय समजून घेऊ.

आधी इनडोअर म्हणजे काय?

स्टेडियममधला नेहमीचा ट्रॅक ४०० मीटरचा असतो. इनडोअरचा ट्रॅक छपराखाली आणि २०० मीटरचा. थंडीत बाहेर धावता येत नाही, म्हणून अमेरिका आणि युरोपात हा सीझन जोरात चालतो. पण तो छोटा असतो. मोठ्या स्पर्धा फेब्रुवारीचा मध्य ते मार्चचा तिसरा आठवडा एवढ्यातच उरकायच्या असतात. खरी गर्दी इथेच होते.

तारखा ठरवतं कोण?

एक नाही, तीन संस्था.

पहिली एनसीएए, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची मुख्य संस्था. तिची इनडोअर फायनल मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास होते. त्याआधी साधारण दोन आठवडे कॉन्फरन्स चॅम्पियनशिप असतात. कॉन्फरन्स म्हणजे युनिव्हर्सिट्यांचे गट, जसे एसईसी, बिग टेन.

दुसरी यूएसएटीएफ, अमेरिकेची राष्ट्रीय अ‍ॅथलेटिक्स संघटना. तिची नॅशनल इनडोअर स्पर्धा फेब्रुवारीच्या मध्यापासून महिनाअखेरपर्यंत कधीतरी होते. वर्ल्ड इनडोअरच्या वर्षी अमेरिकेची टीम इथूनच निवडली जाते.

तिसरी वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्स. वर्ल्ड इनडोअरची तारख ती ठरवते, आणि ही तारीख मार्चमध्ये पुढेमागे सरकत राहते.

मग टक्कर होते कुठे?

वर्ल्ड इनडोअर मार्चच्या सुरुवातीला आली, की ती बरोबर कॉन्फरन्स आणि एनसीएए फायनलच्या मधे पडते. २०२४ मध्ये हेच झालं. तीन वीकेंडमध्ये तीन मोठ्या स्पर्धा, त्यातही मधली अटलांटिक ओलांडून. मोठ्या स्पर्धेत ४०० मीटरच्या हीट, सेमीफायनल, फायनल अशा राउंड असतात. एवढं धावून, विमानाने परत येऊन आठवड्यात पुन्हा तीच वेळ काढणं शरीराला झेपत नाही.

२०१८ ची गोष्टही अशीच. वर्ल्ड इनडोअरचं ४०० मीटरचं गोल्ड ४५.४७ सेकंदांवर गेलं. आधी रेषा ओलांडणारे दोघे बाद झाले होते. पुढच्या आठवड्यात एनसीएए फायनलमध्ये मायकल नॉर्मनने ४४.५२ सेकंद काढले.

बरं, वर्ल्ड इनडोअर उशिरा घेतली तर? २०२२ मध्ये ती १८ ते २० मार्चला बेलग्रेडमध्ये होती. एनसीएए फायनल आठवडाभर आधीच संपली. पण अमेरिकेची नॅशनल स्पर्धा २६-२७ फेब्रुवारीला होती आणि त्याच वीकेंडला एसईसी, बिग टेन या कॉन्फरन्सच्या स्पर्धा होत्या. बेलग्रेडचं तिकीट साधारणपणे नॅशनलमधल्या पहिल्या दोघांना मिळणार होतं. म्हणजे कॉन्फरन्स निवडली, तर देशाच्या टीमचा दरवाजा जवळपास बंद.

कॉलेज एवढं महत्त्वाचं का?

कारण कॉलेजची स्पर्धा एकट्याची नसते. एनसीएए फायनलमध्ये पहिल्या आठ जणांना १०, ८, ६, ५, ४, ३, २, १ असे पॉइंट मिळतात आणि त्यावर टीमचं विजेतेपद ठरतं. स्टार खेळाडू गैरहजर राहिला, तर त्याचे पॉइंट जातातच, शिवाय रिलेची टीमही मोडते.

त्यात अनेकांची स्कॉलरशिप त्याच युनिव्हर्सिटीची. कोच, ट्रॅक, फिजिओ, प्रवास हा खर्चही तिचाच. कोचचं कामही टीमच्या निकालावरून जोखलं जातं. अशा वेळी विशीतला खेळाडू "मी या आठवड्यात नाही" असं सहज म्हणू शकत नाही.

नॅशनल संघटनेचीही बाजू आहे. ट्रायलमध्ये जो जिंकला तो टीममध्ये, या नियमात वशिल्याला जागा राहत नाही. एकाला सूट दिली, तर बाकीचे विचारणारच.

भारतीय खेळाडूही यात अडकलाय

तेजस्विन शंकर आठवतोय? दिल्लीचा हाय जंपर, अमेरिकेत कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीकडून खेळायचा. सीझन आउटडोअरचा होता, पण पेच हाच. जून २०२२ मध्ये चेन्नईत आंतरराज्य स्पर्धा होती, कॉमनवेल्थ गेम्सच्या निवडीसाठी महत्त्वाची. त्याच दिवसांत अमेरिकेत एनसीएए फायनल.

तेजस्विन एनसीएएत उतरला, २.२७ मीटर उडी मारून जिंकला. भारतीय संघटनेने कॉमनवेल्थसाठी ठेवलेली पात्रता नेमकी २.२७ मीटरचीच होती. तरीही टीममध्ये त्याचं नाव आलं नाही. चेन्नईत न खेळण्याची सूट त्याने मागितली नव्हती, असं संघटनेचं म्हणणं होतं. प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं. बऱ्याच धावपळीनंतर स्पर्धा तोंडावर असताना त्याची एंट्री मंजूर झाली. ३ ऑगस्टला बर्मिंगहॅममध्ये त्याने २.२२ मीटरसह ब्राँझ घेतलं. कॉमनवेल्थमध्ये हाय जंपमधलं भारताचं हे पहिलं मेडल.

यावर उपाय आहे का?

थोडाफार. २०२४ मध्ये अमेरिकेने नॅशनल स्पर्धा १६-१७ फेब्रुवारीला, म्हणजे कॉन्फरन्सच्या आधी घेतली. थेट टक्कर टळली, पण वर्ल्ड इनडोअर मधे आलीच. दुसरा उपाय सूट देण्याचा. कॉलेज फायनलमुळे ट्रायल चुकणार असेल, तर किती वेळ किंवा उंची गाठली की टीममध्ये घेणार, हे आधीच लेखी ठरवायचं. मग कोर्टात जायची वेळ येणार नाही.

आज मात्र तारखा संस्था ठरवतात आणि काय सोडायचं ते खेळाडूला ठरवावं लागतं. त्यामुळे मोठ्या स्पर्धेत एखादं नाव दिसलं नाही, तर "देशासाठी खेळत नाही" अशी कमेंट टाकण्याआधी त्या महिन्याचं कॅलेंडर एकदा बघा.