पंचवीस कोटी वर्षांचं शिळं पाणी

पश्चिम टेक्सासमधल्या मिडलंड शहरात वर्षाला जेमतेम 35 सेंटिमीटर पाऊस पडतो. याच कोरड्या भूमीखाली, दोन-तीन किलोमीटर खोल, पर्मियन खोऱ्याचं तेल घट्ट खडकात अडकून बसलंय. ते सोडवायचं तर प्रचंड दाबाने पाणी आणि वाळू आत कोंबायची. खडक तडकतो, वाळूचे कण भेगा मिटू देत नाहीत. एका विहिरीला पाणी किती लागतं? 4-5 कोटी लिटर, अनेकदा त्याहूनही जास्त!

पण एवढं गोडं पाणी कशाला? खडकाला का तहान लागलीय?

2016 मध्ये पायोनियर या तेल कंपनीने मिडलंडशी करार केला: तुमचं सांडपाणी केंद्र आम्ही सुधारून देतो, शुद्ध केलेलं पाणी आम्हाला द्या. कुणाच्या तरी न्हाणीघरातून वाहून गेलेलं पाणी आता तेलाला वाट करून देणार!

त्याहून मोठा साठा तर विहिरीतच असतो. इथे एका पिंप तेलामागे तीन-चार पिंपं पाणी वर येतं, समुद्राच्या तिप्पट खारट. 25 कोटी वर्षांपूर्वी, डायनासोरही जन्मले नव्हते तेव्हा, इथे समुद्र होता. त्याचा अंश या पाण्यात अजून आहे.

मग हेच वापरायला अडचण कसली? खडकाला मीठ चालतं. चालत नाही ते पाण्यात किंचित मिसळलेल्या पॉलिमरला. दर्शनबारीला दोर बांधले की गर्दी ढकलाढकली न करता सरकते ना? पॉलिमरच्या लांबलचक साखळ्या पाइपातल्या खळबळत्या पाण्याला तशाच आवरतात. घर्षण निम्म्याहून कमी होतं! साखळीवरचे सारखे विद्युतभार एकमेकांना लोटतात, म्हणून ती पसरलेली राहते. खाऱ्या पाण्यातले आयन ते भार झाकतात, साखळी आक्रसते. दोराचंच गाठोडं झालं, तर गर्दी आवरणार कोण?

रसायनतज्ज्ञांनी मिठातही पसरून राहणारी पॉलिमरं घडवली. आता पाण्यातलं लोह, तेलाचे थेंब आणि कुजक्या अंड्यांचा वास सोडणारे जिवाणू काढले की पुरतं. मीठ राहू दे!

मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते वेगळंच. नको असलेलं हे पाणी खोल विहिरींत ढकलल्याने मिडलंडजवळ जमीन हादरू लागली होती. 2021 मध्ये राज्याला त्यावर मर्यादा घालावी लागली. पुन्हा वापरलेलं प्रत्येक पिंप तिथे जायचं वाचतं. ते शेजारच्या विहिरीत उतरतं, खडक फोडतं आणि तेलासोबत परत वर येतं, खडकातलं आणखी थोडं मीठ घेऊन.