विहिरीत उतरा, पण दिवाळीनंतर

पोहायला शिकायचं ते उन्हाळ्याच्या सुट्टीत, हे घनसावंगी तालुक्यातल्या आमच्या गावात ठरलेलंच होतं. ठरलेलं म्हणजे पोरांसाठी. भाऊ, चुलतभाऊ एप्रिलपासून विहिरीत पडलेले. आम्ही मुली काठावर त्यांचे कपडे सांभाळायचो आणि कोण किती वेळ बुडी मारतो ते मोजायचो. बाईनं विहिरीचं पाणी शेंदावं, त्यात पोहू नये, हा कायदा कुणी केला कोण जाणे. पन्नाशीला आल्यावर मी तो मोडला, तोही माहेरच्या विहिरीत.

इंग्लंडमध्ये रॉजर डीकिन नावाचा लेखक देशभरच्या नद्या-तळ्यांत पोहत फिरला आणि त्यावर १९९९ मध्ये त्यानं ‘वॉटरलॉग’ हे पुस्तक लिहिलं. तिकडे उघड्या पाण्यात पोहायचा छंद मोठ्या माणसांत पसरला, त्यात या पुस्तकाचा मोठा वाटा आहे. आपल्याकडे तो होताच. फक्त मिसरूड फुटली की सोडून द्यायचा असतो.

माझं म्हणणं आधी हंगामाबद्दल. जालना जिल्ह्याच्या पोटात काळा बेसॉल्ट आहे. पाणी मुरतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. त्यामुळे चांगल्या पावसात विहिरी भराभर भरतात आणि तेवढ्याच लवकर उतरतात. त्यात आता शेजारीपाजारी बोअर. मे महिन्यात उडी मारावी तर खाली खडक, आणि वर यावं तर शेवटची पायरी डोक्याच्याही वर. पाऊस बरा झालेला असेल तर दिवाळीत पाणी काठाशी असतं, हात लांबवला की पायरीचा दगड सापडतो. नवशिक्यानं पाणी किती खोल हे विचारण्याआधी बाहेर पडायची वाट किती जवळ ते बघावं. थंडीचं म्हणाल, तर भूगर्भातल्या पाण्याचं तापमान वर्षभर फारसं हलत नाही. पहाटे गव्हाला पाणी देणाऱ्याला विचारा, विहिरीचं पाणी कोमट लागतं.

शिकवायला दादा. आजोबांच्या काळात पाठीला वाळलेला भोपळा असायचा, वडिलांच्या वेळी झाळून बंद केलेला तेलाचा डबा, माझ्या नशिबी प्लॅस्टिकचा कॅन. दोर काखेखालून घेऊन तो पाठीवर वरच्या बाजूला बांधायचा. कमरेखाली सरकला की बूड वर आणि तोंड पाण्यात. शिवाय माझ्या अंगाला दुसरा लांब दोर, त्याचं टोक पायरीवर बसलेल्या दादाच्या हातात. पंजाबी ड्रेस पाण्यात फुगतो आणि पायात अडकतो. ओढणीचा तर विषयच नको. मी लेगिंग आणि टी-शर्ट घालते. गावानं काय बघायचं ते पहिल्या आठवड्यात बघून घेतलं.

पाणी नाकात जाऊ नये म्हणून मी मान ताठ धरायचे. दादा ओरडायचा, “आक्का, मान टाक पाण्यात! मान वर धरली की पाय खाली जातेत.” यातलं शास्त्र सोपं आहे. फुप्फुसात हवा भरलेली असली की माणूस बहुधा तरंगतो, पण जडशीळ डोकं पाण्याबाहेर उचललं की तेवढा भार बाकीच्या शरीराला दाबतो. हे अंगात मुरलं आणि कॅन सुटला.

आमच्या घरी दोन नियम आहेत. एकट्यानं उतरायचं नाही. आणि आधी मोटारीचा फ्यूज काढून काठावरच्या माणसानं खिशात ठेवायचा. नुसतं बटण बंद केलेलं चालत नाही. वायर सोललेली असली तर विहिरीतल्या माणसाला पळायला जागा नसते.

गोदावरीचा मोह मलाही झाला. जोगलादेवी, लोणी सावंगीच्या बंधाऱ्यांमागे पाणी कसं निवांत पसरलेलं दिसतं! पण वाळू उपसलेल्या पात्राचा भरवसा नाही. गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल टाकावं आणि माणूस खड्ड्यात गडप व्हावा. त्या गावचा, पात्र पायाखालचं असलेला माणूस सोबत नसेल तर मी काठावरूनच नमस्कार करते.

शेततळं मात्र पट्टीच्या पोहणाऱ्यानंही टाळावं. ‘मागेल त्याला शेततळे’ योजना २०१६ साली आली. त्यातलं मोठं तळं तीस मीटर लांब, तितकंच रुंद आणि तीन मीटर खोल. अस्तरीकरण केलेल्या तळ्याचा प्लॅस्टिक कागद ओला झाला, त्यावर शेवाळ धरलं, की उतारावर पायही ठरत नाही आणि हातही. पोहता येणारा माणूस बाहेर निघता न आल्यानं दमून बुडतो. वाचवायला उतरलेल्याची गतही तीच होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे तीन लाख माणसं बुडून गेली. पोरांना पोहायला शिकवा, हा त्या संघटनेच्या मुख्य सल्ल्यांपैकी एक. त्यात मुलगे-मुली असा भेद नाही.

तेव्हा यंदा पाऊस बरा झाला, तर दिवाळीला माहेरी आलेल्या लेकींना आणि नातींना विहिरीवर न्या. आणि शेतात कागदाचं तळं असेल, तर त्याला कुंपण घाला, चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर पाण्यात सोडून ठेवा. हे काम दिवाळीपर्यंत ठेवू नका.