आभासी संगणक आणि यू.एस.बी. उपकरणे

झाशीतील एखाद्या शाळेजवळ सूक्ष्मदर्शकाचा जुना कॅमेरा आहे. तो केवळ विंडोजवर चालतो, आणि संगणक मात्र लिनक्सचा आहे, असे समजू. व्हर्च्युअलबॉक्सच्या साहाय्याने लिनक्समध्येच दुसरा, आभासी संगणक उभारून त्यात विंडोज चालविता येते. परंतु कॅमेऱ्याची यू.एस.बी. तार जोडली, तरी त्या आभासी संगणकाला कॅमेरा दिसतच नाही! उपकरण बिघडले असे समजून ते टाकून देण्याची घाई करू नये.

झाशीच्या नगरकोटाला खंडेराव, ओरछा, दतिया अशा नावांचे दरवाजे आहेत. पूर्वी तेथे पहारा असे. लिनक्सही उपकरणांवर असाच पहारा ठेवते. ‘व्हीबॉक्सयूजर्स’ या गटात ज्याचे नाव असेल त्यालाच व्हर्च्युअलबॉक्समधून ती हाताळता येतात. संगणकाच्या व्यवस्थापकाकडून आपले नाव त्या गटात घालून घ्यावे. गटांची नोंद प्रवेशसमयीच वाचली जाते. म्हणून एकदा बाहेर पडून पुन्हा प्रवेश करावा. बहुतेकांचे घोडे अडते ते येथेच. सारी कामे व्यवस्थापकाच्या अधिकाराने उरकणे ही पळवाट होय. ती पत्करू नये.

मग व्हर्च्युअलबॉक्सच्या उपकरणयादीतून कॅमेरा निवडावा. आभासी संगणकाने तो घेतला की तेवढा वेळ लिनक्सला तो वापरता येत नाही. पेन ड्राइव्ह असल्यास तो लिनक्समधून आधी रीतसर सोडवावा. अन्यथा त्यावरील मजकूर नष्ट होण्याचा संभव असतो.