गावाच्या अग्निशमनाचे गुणपत्रक

अमेरिकेत एखाद्या गावाचे अग्निशमन कितपत सज्ज आहे, याची सर्वांत प्रचलित श्रेणी सरकार ठरवत नाही. विमा व्यवसायातली एक संस्था ठरवते. १९७१ साली स्थापन झालेली ‘इन्शुरन्स सर्व्हिसेस ऑफिस’ म्हणजे आयएसओ गावोगावच्या व्यवस्थेला १ ते १० अशी श्रेणी देते. पहिली श्रेणी सर्वोत्तम. दहावी म्हणजे किमान अटीही पुऱ्या होत नाहीत. अनेक विमा कंपन्या घर, दुकान किंवा कारखान्याचा हप्ता ठरवताना ही श्रेणी विचारात घेतात. वॉशिंग्टन आणि लुइझियानासारख्या राज्यांत मात्र हे काम तिथल्या स्वतंत्र संस्था करतात.

या मोजमापाचे मूळ मोठ्या आगींत आहे. फेब्रुवारी १९०४ मध्ये बाल्टिमोर शहराचा मध्यभाग जळत असताना वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया इथून बंब धावून आले. पण त्यांच्या होजची कपलिंग बाल्टिमोरच्या हायड्रंटला बसेनात. पंधराशेहून अधिक इमारती भस्मसात झाल्या. विमा कंपन्यांच्या तेव्हाच्या राष्ट्रीय मंडळाने त्यानंतर शहरांच्या पाहण्या सुरू केल्या आणि १९१६ साली पहिली श्रेणी-नियमावली काढली. तिची पद्धत दोष मोजण्याची होती. एकूण ५,००० दोषगुण, आणि दर ५०० गुणांमागे शहर एकेक श्रेणी खाली. पाणी आणि बंबांबरोबरच इमारतींची बांधणी आणि बांधकामाचे कायदेही तिच्या कक्षेत येत.

१९८० साली ही पद्धत उलटी झाली. दोष मोजण्याऐवजी शंभरपैकी गुण देणे सुरू झाले आणि नियमावली केवळ आग विझवण्यापुरती मर्यादित राहिली: वर्दी घेणे आणि पुढे पाठवणे याला १० गुण, अग्निशमन दलाला ५०, पाणीपुरवठ्याला ४०. पहिल्या श्रेणीसाठी किमान ९० गुण लागतात.

पाहणीला आलेला प्रतिनिधी आगीच्या वेळचा क्रमच तपासतो. नियंत्रण कक्षात वर्दी घ्यायला माणसे किती आणि वर्दी केंद्रापर्यंत कशी पोहोचते, हे तो पाहतो. अग्निशमन केंद्रात बंबांवरच्या सामानाची यादी पडताळली जाते, पंपांच्या चाचण्यांच्या नोंदी पाहिल्या जातात, आगीच्या ठिकाणी प्रत्यक्षात किती जवान पोहोचतात हे हजेरीवरून काढले जाते. बोलावल्यावर घरून येणाऱ्या स्वयंसेवकांना पूर्ण वेळ हजर जवानांएवढे श्रेय मिळत नाही. प्रशिक्षणाचेही तास मोजतात: नव्या जवानाला पहिल्या वर्षी २४० तास, पुढे प्रत्येकाला महिन्याला १६ तास. कवायत झाली, पण वहीत नोंद नाही, तर गुण नाहीत.

पाण्याचा हिशेब सर्वांत किचकट असतो. निवडक इमारतींची बांधणी, क्षेत्रफळ, वापर आणि शेजारच्या इमारतींची जवळीक यांवरून तिथली आग विझवायला मिनिटाला किती पाणी लागेल हे काढतात. मग जवळचे हायड्रंट उघडून तेवढे पाणी मिळते का ते मोजतात. आठवी किंवा त्याहून चांगली श्रेणी मिळण्यासाठी पाणीयोजनेला किमान मिनिटाला सुमारे ९५० लिटर पाणी सलग दोन तास देता आले पाहिजे. अंतरालाही महत्त्व आहे. केंद्रापासून रस्त्याने ८ किलोमीटरच्या आत असूनही हायड्रंटपासून सुमारे ३०० मीटरपेक्षा लांब असलेल्या घरांची श्रेणी गावापेक्षा वेगळी लागते. ८ किलोमीटरपलीकडची घरे सहसा दहाव्या श्रेणीत जातात.

तीन दशके ही नियमावली जवळपास तशीच राहिली. दरम्यान नियंत्रण कक्षांत संगणक आले आणि अग्निशमनाचे राष्ट्रीय मानक पुढे गेले. २०१३ पासून लागू झालेल्या सुधारणेत तीन मुख्य विभागांचे १०, ५० आणि ४० गुण कायम राहिले, पण आतली वाटणी बदलली. बंब व त्यांवरच्या सामानाचे गुण १० वरून ६ झाले, पंपांच्या क्षमतेचे ५ वरून ३. याउलट दलाच्या विखुरणीचे ४ गुण १० झाले. पूर्वी वस्तीचा किती भाग बंबापासून रस्त्याने अडीच किलोमीटरच्या आत आहे एवढेच पाहत. आता संगणकातल्या नोंदींवरून बंब खरोखर किती वेळात पोहोचतो हे दाखवण्याचीही मुभा आहे. मानकानुसार पहिल्या बंबाचा प्रवास चार मिनिटांत व्हायला हवा. पाण्यातही हाच कल दिसतो. पुरवठ्याचे गुण ३५ वरून ३० झाले, तर हायड्रंटच्या तपासणी-चाचणीचे ३ वरून ७.

सर्वांत ठळक भर शंभराच्या वर पडली. आगीला प्रतिबंध, नागरिकांचे शिक्षण आणि आगीच्या कारणांचा तपास यांसाठी ५.५ जादा गुण आले आणि एकूण १०५.५ झाले. १९८० साली कक्षेबाहेर गेलेला प्रतिबंध अशा रीतीने परत आला. ज्या छोट्या गावाला नवा बंब परवडत नाही, त्यालाही इमारतींच्या नियमित तपासणीतून आणि शाळांतल्या कार्यक्रमांतून गुण मिळवण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली.

एक तरतूद मात्र टिकली. दल आणि पाणी यांच्यात फार तफावत असेल तर एकूण गुणांत कपात होते. उत्तम बंब आणि कोरडे नळ असा मेळ चालत नाही.

या गुणपत्रकाची मर्यादाही नियमावलीच सांगते. ते मालमत्तेच्या विम्यापुरते आहे. रुग्णवाहिका सेवा, अपघातातली सुटका किंवा वाचलेले जीव त्यात मोजले जात नाहीत. त्यामुळे पहिली श्रेणी मिळाली म्हणून गावाने निर्धास्त राहू नये, आणि केवळ श्रेणी सुधारण्यासाठी खर्चाचे निर्णयही घेऊ नयेत.